माळ्यावर कॅसेटी पडून असलेल्या समस्त नाशिककरांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सफाई जवळ आली की गावातले माळे उघडतात. पितळेचे डबे खाली येतात, तुटलेला पाळणा निघतो, कुणाचं तरी बोर्डाचं गुणपत्रक सापडतं आणि अगदी कोपऱ्यातून काळ्या व्हीएचएस कॅसेटींचं खोकं बाहेर येतं. "याचं आता काय करायचं? लावायला काही उरलंय का घरात?" असं कुणीतरी म्हणतं आणि खोकं भंगारवाल्याच्या गाडीवर चढतं. घेताना तोही तोंड वाकडं करतो, कारण त्या प्लॅस्टिकला भाव येत नाही.

मी दहीपुलाजवळ चाळीसेक वर्षं टीव्ही आणि व्हीसीआर दुरुस्त केले. माझी विनंती एवढीच, की ते खोकं भंगारात देऊ नका. द्यायचंच असेल तर आधी मला एकदा बघू द्या.

तुमच्या लग्नाच्या, मुंजीच्या कॅसेटी मला नकोत. त्या मी इतक्या पाहिल्या आहेत की निम्म्या गावाचे व्याही मला चेहऱ्याने ओळखू येतात. मला हवी आहेत दूरदर्शनवरून टेप केलेली अंतराळाची सोंगं. 'कॅप्टन व्योम' असेल, 'स्पेस सिटी सिग्मा' असेल, रविवार सकाळचं 'स्टार ट्रेक' असेल. आणि ती तशीच हवीत, म्हणजे मधल्या जाहिरातींसकट, निवेदिकेच्या नमस्कारासकट, 'रुकावट के लिए खेद है'च्या पाटीसकट.

हसलात? हसा. माझी बायकोही हसते. पण थोडं ऐकून घ्या.

ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायचं. मूळ मालिका अमेरिकेत सप्टेंबर १९६६ ते जून १९६९ चालली, ७९ भाग झाले आणि गुंडाळली गेली. आपल्याकडे येईपर्यंत ती पंधरा-वीस वर्षं शिळी झालेली, पण हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्यासाठी ते उद्याचं जग होतं. वाड्यात एकच टीव्ही, तोही कृष्णधवल. अँटेना फिरवायला एक पोरगं गच्चीवर, दुसरं जिन्यात निरोप्या, आणि आम्ही बाकीचे पंधराजण खाली सतरंजीवर. इंग्रजी कुणाला धड कळत नव्हतं. कॅप्टन कर्क कुणाला तरी लांबलचक समजावून सांगू लागला, की पहिल्या मजल्यावरचे एक काका ठामपणे भाषांतर करायचे आणि ते शंभर टक्के चुकीचं असायचं. त्यांच्या हिशेबाने मिस्टर स्पॉक हा यानाचा पुरोहित होता. आम्ही त्याला टोककान्या म्हणायचो.

त्या मालिकेत लाल सदरा घालून जो कुणी ग्रहावर उतरतो, तो पहिल्या पाच मिनिटांत मरतो, हा जगभरच्या प्रेक्षकांचा आवडता विनोद आहे. आम्हाला तो विनोद कळायला रंगीत टीव्ही घरात यावा लागला. तोवर आमच्याकडे सगळेच राखाडी सदऱ्यातले. कोण मरणार याचा अंदाज बांधण्यावर वाड्यात शेंगदाण्यांची पैज लागायची.

पुढे या धंद्यात पडल्यावर मला त्या मालिकेचं पोट कसं भरलं होतं ते कळत गेलं, आणि प्रेम कमी व्हायच्याऐवजी वाढलं. यान दर आठवड्याला नव्या ग्रहावर उतरवून दाखवायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी माणसंच चमचमत खाली पाठवण्याची युक्ती काढली. ती चमचम म्हणजे काळ्या पडद्यासमोर प्रखर उजेडात सोडलेली ॲल्युमिनियमची भुकटी. आपोआप सरकणारे दरवाजे सेटमागे उभी असलेली माणसं ओढायची. नट जरा लवकर आला आणि मागचा माणूस बेसावध असला, की नाक दारावर. डॉक्टर मॅकॉय ज्या उपकरणांनी रोग्याची तपासणी करायचा, त्यांतली काही चक्क मिठाच्या बाटल्या होत्या. एका भागासाठी मीठदाण्या हव्या होत्या, म्हणून कुणीतरी नव्या फॅशनच्या आणल्या. त्या इतक्या विचित्र निघाल्या की प्रेक्षकाला हे मीठ आहे हेच कळलं नसतं. मग त्या दवाखान्यात गेल्या. यानावर हल्ला झाला की कॅमेरा तिरका करायचा आणि सगळ्यांनी एकाच बाजूला धडपडायचं. एवढं पुढारलेलं यान, पण खुर्चीला पट्टा नाही! आपली नाशिक-त्र्यंबक बससुद्धा बरी.

एका भागात कर्कची रबरी सरड्याशी कुस्ती आहे. खडकाळ माळावर तो सरडा इतका सावकाश हात उचलतो, की तेवढ्यात आपण चहा टाकून यावा. कॅलिफोर्नियातले ते खडक पाहून मला नेहमी पांडवलेण्यांचा डोंगर आठवतो.

पांडवलेण्यांवरून आठवलं, आणि हे जरा विषयांतर वाटेल. त्याच डोंगराच्या पायथ्याला दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला, १८७० साली. १९४४ मध्ये गेले ते इथेच, नाशकात. मधल्या काळात त्यांची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीही इथेच चालली. पहिला मोठा चित्रपट काढण्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ एकेक चौकट टिपत पडद्यावर भराभर दाखवली. पुढे 'कालिया मर्दन'मध्ये पोटच्या पोरीला कृष्ण केलं आणि नागाशी झुंजवलं. आजच्या डोळ्यांना तो नाग खोटाच दिसतो. त्या रबरी सरड्याचा थोरला चुलता म्हणायला हरकत नाही. सांगायचं कारण असं, की आपल्या गावाला खोट्या नागाचं आणि चिकटवलेल्या दाढीचं वावडं असू नये. हा धंदा आपल्या अंगणातून सुरू झालाय.

आणि आपल्या अंगणातूनच तो हरवलाय. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' चार रिळांचा होता. आज हाताशी आहेत ती पहिलं आणि शेवटचं. फाळक्यांनी शंभराच्या आसपास चित्रपट आणि लघुपट केले, पण त्यांतलं जे काही उरलंय ते बोटांवर मोजता येतं. जे उरलं तेही पुण्याच्या फिल्म संग्रहालयाच्या पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने दारोदार फिरून, तुकडे-तुकडे गोळा करून वाचवलं म्हणून.

तर मुद्द्यावर येतो. 'स्टार ट्रेक'ची मला काळजी नाही. ते फिल्मवर चित्रित झालं होतं, फिल्म त्यांनी जपली आणि २००६ मध्ये संगणकावर नव्याने यान काढून चिकटवलंसुद्धा. (मला ते आवडलं नाही. सगळं इतकं गुळगुळीत झालं की मिठाच्या बाटल्या ओशाळल्यासारख्या दिसतात.) तिथल्या प्रेक्षकांना मात्र मी मानतो. दुसऱ्या वर्षानंतर मालिका बंद पडणार अशी कुणकुण लागल्यावर त्यांनी वाहिनीला पत्रांवर पत्रं लिहिली, आणि १९६८ मध्ये तिसरं वर्ष पदरात पाडून घेतलं. पुढे १९७६ मध्ये नासाच्या पहिल्या शटलला त्याच यानाचं 'एंटरप्राइज' हे नाव दिलं गेलं, तेही पत्रांच्याच ढिगापायी. म्हणजे खुल्या पत्राने काही होत नाही असं निदान अंतराळाच्या बाबतीत तरी म्हणता येणार नाही.

काळजी आहे ती आपल्या मालिकांची. 'रामायण' जपा असं कुणाला सांगावं लागत नाही. २०२० च्या टाळेबंदीत ते पुन्हा लागलं, सगळ्यांनी पाहिलं, त्याच एप्रिलमध्ये 'डीडी रेट्रो' वाहिनीही आली. पण 'स्पेस सिटी सिग्मा'चं नाव काढलं की समोरचा माणूस आधी हसतो. मग त्याला कॅप्टन तारा आठवते, मग झखाकू आठवतो, आणि मग तो विचारतो, "खरंच होतं ना ते? की मला ताप आला होता?" खरंच होतं. पण ती मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत मला कुठे पाहायला मिळालेली नाही.

आणि 'कॅप्टन व्योम'! १९९८ साली केतन मेहतांनी मिलिंद सोमणला २१२३ सालात नेऊन उभं केलं. गुरूच्या एका चंद्रावरचा तुरुंग फोडून बारा गुन्हेगार पळालेत आणि त्यांना व्योम एकेक करून पकडणार. पृथ्वीचा विश्वप्रमुख कोण, तर टॉम ऑल्टर. शुद्ध हिंदीत, जीव ओतून. संगणकावरचं यान असं दिसायचं की आजचं पाचवीतलं पोर मोबाइलवर त्याहून बरं काढेल. पण तेव्हा आपल्याकडे हे कुणी केलंच नव्हतं हो. करणाऱ्यांनी शिकत शिकत केलं, आणि ते शिकणं पडद्यावर उघडं दिसतं. मला तेच पाहायचंय. चांगल्या कामात कारागिराचा हात दिसत नाही. फसलेल्या कामात तो दिसतो, आणि मी मेकॅनिक आहे, मला हात बघण्याची खोड आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याकडे साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते जयंत नारळीकर, विज्ञानकथा लिहिणारा माणूस. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, पण मान झाला आणि योग्यच झाला. पुस्तकातल्या अंतराळाला आपण शाल-श्रीफळ देतो. टीव्हीवरचं अंतराळ भंगारात घालतो.

आता तुम्ही म्हणाल, हे काम सरकारचं, वाहिनीचं. तुमच्या माळ्याचा काय संबंध? तो संबंध इंग्रजांनी ठेच खाऊन शिकलाय. बीबीसीची 'डॉक्टर हू' मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. तिच्यातले खलनायक म्हणजे उलट्या ठेवलेल्या पिंपासारखे यंत्रराक्षस, आणि त्यांचा एक हात म्हणजे संडास तुंबला की वापरायचा रबरी पंप. पोरं सोफ्यामागे लपून ते बघायची. पण टेप महाग, पुन्हा दाखवण्याच्या अटी किचकट, आणि असला पोरखेळ कोण परत बघणार, म्हणून बीबीसीने त्या टेपा पुसून दुसऱ्या कार्यक्रमांना वापरल्या. नव्वदहून अधिक भाग आजही गायब आहेत. २०१३ मध्ये नऊ भाग परत मिळाले ते नायजेरियातल्या जोस गावच्या टीव्ही केंद्राच्या अडगळीत. परदेशी दाखवायला पाठवलेली रिळं तिथेच राहून गेली होती.

यातली मला सर्वांत प्रिय गोष्ट वेगळीच आहे. चित्र गेलं, पण आवाज एकाही भागाचा गेलेला नाही. का? कारण घरोघरच्या पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून ते ध्वनिमुद्रित केलं होतं. सरकारी टेप पुसली गेली आणि पोरांची राहिली.

म्हणून तुमचा माळा.

ऑडिओ कॅसेटीही चालतील, हे यातून कळलंच असेल. आपल्याकडे टीव्हीला टेपरेकॉर्डर चिकटवून 'चित्रहार' भरून घेणारी घरं किती होती ते मला ठाऊक आहे. निम्म्यांचे टेपरेकॉर्डर मीच दुरुस्त केलेत. त्यातल्या एखाद्या घरातल्या पोराने गाणी सोडून व्योम भरला नसेल कशावरून? मागून कुकरच्या शिट्या आणि "अरे अंघोळीला जा" ऐकू आलं तरी माझी तक्रार नाही.

घाई का करतोय तेही सांगतो. कॅसेटीतली फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर गोंदासारख्या थराने बसवलेली चुंबकीय भुकटी. तो थर दमट हवा पितो आणि वेटोळी एकमेकांना चिकटतात. त्यावर पांढरी बुरशी चढते. अशी कॅसेट लावली की ती स्वतः तर जातेच, वर फीत वाचणाऱ्या हेडलाही घेऊन जाते. व्हीसीआरचा ड्रम सेकंदाला २५ फेरे मारतो. त्याच्यावरचं हेड डोळ्याला धड दिसत नाही इतकं बारीक, त्यात बुरशीचा एक कण अडकला की पडद्यावर फक्त मुंग्या. नवा व्हीसीआर आता मिळत नाही. बनवणारी शेवटची जपानी कंपनी फुनाई, तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. माझ्याकडे तीन चालू यंत्रं आहेत आणि त्यांना जगवायला मी सात मारली आहेत. तिन्ही संपली की तुमची कॅसेट शाबूत असून उपयोग नाही.

तेव्हा कॅसेट सापडली तर हौसेने कुठल्या तरी शेजाऱ्याच्या जुन्या यंत्रात घालून बघू नका. खिडकीतून आत बघा, पांढरं काही दिसलं तर वेगळ्या पिशवीत ठेवा. उन्हात वाळवू नका. पुस्तकासारखी उभी ठेवा, आडवी रचू नका. भिजलेली असेल तरी टाकू नका. सप्टेंबर २००८ मध्ये गोदावरीला पूर आला आणि माझ्या दुकानात कमरेएवढं गंगेचं पाणी शिरलं. गाळात बुडालेल्या कॅसेटींपैकी बऱ्याच मी उघडून, फीत स्वच्छ पाण्यातून काढून, घरात पंख्याखाली वाळवून परत चालवल्या. बायकोने त्या महिन्यात माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं, पण चालल्या.

मागच्या वर्षी सिन्नरच्या बाजूला एका नातेवाइकाकडे गेलो होतो. बाजरी निसवलेली, आणि पाखरं हाकलायला शेतभर काळी चकचकीत फीत बांधलेली. वाऱ्यावर ती भुणभुण वाजत होती. तुम्ही सगळ्यांनी हे पाहिलंय. बारीक फीत असेल तर ऑडिओची, अर्धा इंच रुंद असेल तर व्हीएचएसची. ही अर्धा इंच होती. मी बांधावर उभा राहून हातभर फीत बोटांत धरली. उन्हाने भुकटी उडून ती जागोजागी पारदर्शक झाली होती. "कशाची होती?" मी विचारलं. "कोणास ठाऊक, पोरांनी काहीबाही भरलेलं होतं," तो म्हणाला. मी तिथे काही बोललो नाही. पाहुण्याने काय बोलावं?

आणि बोलायला तोंड तरी कुठे होतं? माझं स्वतःचं पाप अजून तुम्हाला सांगितलेलं नाही.

१९९८ मध्ये माझा भाचा अकरा वर्षांचा होता. दर रविवारी तो माझ्याकडे येऊन व्योम टेप करायचा. तीन तासांच्या एका कॅसेटीवर त्याचे सहा भाग झाले होते. पुसलं जाऊ नये म्हणून कॅसेटीच्या मागच्या कडेची प्लॅस्टिकची पट्टी तोडायची असते, हे मीच त्याला शिकवलं होतं. त्याने ती तोडली, आणि वर स्केचपेनने लिहिलं, 'व्योम, पुसू नये'. एका रात्री साडेनऊला एक गिऱ्हाईक साखरपुड्याची प्रत मागायला आलं. पाहुणे सकाळच्या गाडीने निघणार, प्रत आत्ताच हवी. कोरी कॅसेट संपलेली, बाजार बंद. मी त्या तुटलेल्या जागेवर सेलोटेप चिकटवली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. वर माझ्या दुकानाचं लेबल डकवलं. किती पैसे मिळाले ते आठवत नाही. भाचा नंतर दोन महिने माझ्याकडे फिरकला नाही हे आठवतं.

दोन वर्षांपूर्वी तेच जोडपं तीच कॅसेट घेऊन आलं, पेन ड्राइव्हवर करून द्या म्हणाले. मी ओळखली नाही. लेबलचा कोपरा उचकटला तेव्हा खालून स्केचपेनचा निळा 'व्यो' दिसला.

साखरपुडा दोन तास त्रेपन्न मिनिटांचा होता. पेढे संपले, मंडळी उठली, पडदा एकदम मुंग्यांनी भरला, चित्र दोनदा वर सरकलं आणि स्थिर झालं. मिलिंद सोमण कुणाला तरी काहीतरी बजावत होता. चार मिनिटं. मग जाहिराती, मग फीत संपली. मी ते मागे नेऊन पुन्हा लावलं नाही, भीती वाटली. पहिल्या खेपेलाच जे उतरलं ते उतरलं.

तेवढा तुकडा भाच्याला पाठवला. तो आता पुण्यात असतो, त्याचा मुलगाच दहा वर्षांचा आहे. अर्ध्या तासाने फोन आला. मला वाटलं, आता ऐकवणार. तो म्हणाला, "मामा, पुढच्या जाहिराती का कापल्यास? त्या पण पाठव ना."

त्या मी कापल्या नव्हत्या, वेगळ्या फाइलमध्ये होत्या. लगेच पाठवल्या.

दुकानाचं शटर आता अर्धंच उघडं असतं, पण मी आत असतो. दहीपुलावर कुणालाही व्हीसीआरवाला कुठे बसतो ते विचारा. कॅसेट उभी धरून आणा.

आपला,
एक जुना व्हीसीआरवाला,
नाशिक